ऑइल तीन हजाराला बदलू, दहा हजाराला की पंधरा हजाराला?

वाचकाचं पत्र:

नमस्कार काका, मी जुळे सोलापुरात राहते आणि मंद्रूपच्या पुढं एका वस्तीवरच्या झेडपी शाळेत शिक्षिका आहे. रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर, त्यातले जाताना सहा-सात आणि येताना तेवढेच कच्च्या रस्त्याचे. कारखाने चालू झाले की पुढं उसाच्या ट्रॅक्टरची रांग आणि मागं आम्ही फुफाट्यात. गाडी छोटी पेट्रोल, सात वर्षांची, रनिंग ६२ हजार. हल्ली वर्षाला बारा-साडेबारा हजार किलोमीटर होतात. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटरला किंवा एका वर्षानं बदला. घराजवळचा गॅरेजवाला म्हणतो मॅडम, सोलापूरचं ऊन आहे, दर तीन हजाराला बदला आणि जाड तेल टाका, २०डब्ल्यू५०. आमचे दीर पुण्याला असतात, ते म्हणतात वहिनी, फुल सिंथेटिक टाका आणि पंधरा हजार विसरून जा. मी माझ्या परीनं काळजी घेते, दर रविवारी पंक्चरवाल्याकडं एअर फिल्टरला हवा मारून घेते. सासऱ्यांची एक स्कूटर पण आहे, ते फक्त मंडईपर्यंत नेतात, तिचं ऑइल कधी बदललंय कुणालाच आठवत नाही. ऐकू कुणाचं?

उत्तर:

ताई, आधी उत्तर सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी काम होईल. वर्षातून दोनदा बदला, एकदा दिवाळीच्या सुट्टीत आणि एकदा गुढीपाडव्याच्या आसपास, आणि दोन बदलांच्या मध्ये साडेसहा-सात हजाराच्या वर जाऊ देऊ नका. तेलाचा ग्रेड, म्हणजे जाडीचा आकडा, मॅन्युअलमध्ये छापलाय तोच, जाड नको. आणि एअर फिल्टरला दर रविवारी हवा मारणं या रविवारपासून बंद. हे शेवटचं तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय, पण खरं सांगू का, मला धडकी तिथंच भरली.

आता एकेकाचं बघू. सर्व्हिस सेंटरवाले दहा हजार म्हणतात ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. गाडीचं मॅन्युअल काढा, ते बहुतेक डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत तसंच पडलेलं असेल, आणि मेंटेनन्स शेड्यूलच्या तक्त्याच्या पुढची एक-दोन पानं उलटा. तिथं सिव्हिअर कंडिशन म्हणून वेगळा तक्ता असतो आणि त्यात काय काय येतं ते वाचून हसू येईल तुम्हाला, धुळीचे रस्ते, चिखलाचे रस्ते, सारख्या छोट्या छोट्या फेऱ्या, गाडी उभी करून इंजिन चालू ठेवणं, खूप गरम हवा. म्हणजे आपला निम्मा जिल्हा झाला की ओ. त्या तक्त्यात ऑइलचा आकडा बऱ्याच गाड्यांत सरळ निम्म्यावर येतो, दहाचे पाच. सर्व्हिस सेंटरचा पोरगा तुम्हाला कम्प्युटरवरचा नॉर्मलवाला आकडा वाचून दाखवतो, त्यानं तुमचा रस्ता विचारलेलाच नसतो.

मग मी पाच हजारच का नाही म्हटलं? गाडी वॉरंटीत असती तर पाचच म्हटलं असतं, बिलं जपून ठेवा पण म्हटलं असतं. तुमच्या साठ किलोमीटरपैकी साधारण पाचवा हिस्सा धुळीचा आहे, बाकी विजापूर रोडला वगैरे एका स्पीडला जाणारा सरळ रस्ता, आणि असं सलग तीस किलोमीटर एका दमात चालणं हे तेलासाठी उलट चांगलं असतं, ते नीट गरम होतं, त्यातला पेट्रोलचा आणि पाण्याचा अंश उडून जातो. म्हणून मधला आकडा. त्यात दिवाळी ते पाडवा हा पल्ला कारखान्यांच्या सीझनचा, सगळ्यात घाण, आणि तो तुमच्या रनिंगप्रमाणं पाच-साडेपाच हजारातच संपतो. पाडवा ते दिवाळी लांब आहे पण त्यात उन्हाळी सुट्टी येते आणि जूननंतर पावसानं धूळ बसते, तिथं सहा-सात हजार झाले तरी चालतंय. एखाद्या वर्षी इलेक्शन ड्युटी, ट्रेनिंग असं काही लागून रनिंग वाढलं तर सणाची वाट बघू नका, किलोमीटर बघा.

आता उन्हाचं. गॅरेजवाला म्हणतो सोलापूरचं ऊन, आणि मे महिन्यात ४२-४३ अंश बघितले की कुणालाही पटेल. पण इंजिनच्या आतलं तापमान बाहेरच्या उन्हावर ठरत नाही, ते थर्मोस्टॅट ठरवतो, म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची, कूलंटची, वाट उघड-बंद करणारी झडप. कूलंट साधारण नव्वद अंशाच्या आसपास राहतं, जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते तेव्हाही आणि मे महिन्यातही. खाली सम्पमधलं, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीतलं, तेल ९० ते ११० अंशांत फिरत असतं. त्याच्यापुढं बाहेरचे ४३ काय आणि ३० काय. शाळेच्या पटांगणात गाडी दिवसभर उन्हात उभी असते, स्टिअरिंगला हात लावता येत नाही, सीटचा चटका बसतो, पण तेलाला त्यानं काहीही होत नाही.

ऊन त्रास देतं ते वेगळ्या वाटेनं. थर्मोस्टॅटचं काम तेव्हाच होतं जेव्हा रेडिएटर उष्णता बाहेर टाकू शकतो. तुम्ही उसाच्या ट्रॅक्टरमागं जाता, तर पुढच्या जाळीतून आत बघा एकदा, एसीच्या कंडेन्सरच्या बारीक पात्यांमध्ये पाचटाचे तुकडे, किडे आणि वर वाळलेली काळी माती असा थर बसलेला असणार. मग एसी लावून सात रस्त्याला सिग्नलला दहा मिनिटं अडकलात की हवा आतून जातच नाही आणि तापमान खरंच चढतं. आणि तेल तापलं की ते म्हातारं होतं लवकर, ऑक्सिडेशनचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो असा केमिस्ट्रीचा ढोबळ हिशोब आहे. तेव्हा उन्हाळा लागायच्या आधी ती जाळी साध्या नळाच्या पाण्यानं धुवून घ्या, वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारू देऊ नका, पाती वाकतात. कूलंटची पातळी बघा. ऑइल दोन हजार किलोमीटर आधी बदलण्यापेक्षा या दोन गोष्टींचा फायदा जास्त आहे.

खरा वैरी फुफाटा. आपल्याकडची काळी माती वाळली की पिठासारखी बारीक होते, त्यात मुरमाची, खडीची भुकटी मिसळते, आणि त्यातला जो वाळूचा अंश असतो, सिलिका, तो लोखंडापेक्षा कडक असतो. इंजिनमध्ये पिस्टन रिंग आणि सिलेंडरच्या भिंतीच्या मध्ये तेलाचा जो थर असतो तो काही मायक्रॉनचा, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरा म्हणजे अंदाज येईल. तर पाच ते वीस मायक्रॉनचे जे कण असतात, डोळ्याला दिसतही नाहीत असे, तेच बरोबर त्या थरात घुसतात आणि पॉलिश पेपरसारखं घासत राहतात. मोठा खडा तितकं नुकसान करत नाही कारण तो कुठंतरी अडतो. ऑइल फिल्टरही मुख्यतः वीस-तीस मायक्रॉनच्या वरचेच कण नीट पकडतो, त्याच्या खालचे बरेचसे निसटतात आणि तेलातून फिरत राहतात, ते बाहेर काढायचा उपाय एकच, तेल काढून टाकणं. म्हणून धुळीत लवकर बदला म्हणतात, उगाच नाही.

पण हे कण तेलात येतात कुठून? बहुतेक सगळे हवेच्या वाटेनं. एअर फिल्टर, त्याच्या मागचा रबरी पाइप, थोडंफार डिपस्टिकच्या (तेल बघायच्या पट्टीच्या) आणि ऑइल कॅपच्या रबरातून. म्हणजे आत येणारी धूळ थांबवली नाही आणि तेल तीन तीन हजाराला बदलत राहिलात तरी घासणं चालूच राहणार. आणि इथं तुमचा रविवारचा कार्यक्रम येतो. कागदाचा एअर फिल्टर थोडा मळलेला असतो ना, तेव्हा तो नव्यापेक्षा बारीक कण पकडतो, कारण अडकलेल्या धुळीचाच एक थर तयार होतो आणि तो गाळायचं काम करतो. तुम्ही दर आठवड्याला तो थर उडवून टाकता. वर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर म्हणजे ट्रकचे टायर भरायचं प्रेशर, त्यानं कागदाची छिद्रं मोठी होतात, कुठं बारीक चीर जाते, कडेचा रबर उचकटतो. वरून फिल्टर पांढरा स्वच्छ दिसतो आणि आतून चाळण झालेली असते. शिवाय दर वेळी डबा उघडायचा म्हणजे बाहेरची धूळ आतल्या स्वच्छ बाजूला पडायची एक संधी, आणि एखादी क्लिप नीट बसली नाही की हवा फिल्टरला वळसा घालून सरळ आत.

तर आता असं करा, नवा फिल्टर घ्या, चांगल्या कंपनीचा, बरोबर तुमच्याच मॉडेलचा, काही शे रुपयांचं काम आहे. बसवायच्या आधी डब्याची आतली बाजू ओल्या फडक्यानं पुसून घ्या. फिल्टरच्या पुढं इंजिनकडं जाणारा जो पाइप आहे त्यात बोट घालून फिरवा, बोटाला धूळ लागली तर समजा आजवर धूळ आत जात होती, मग पाइपला चीर आहे का, क्लॅम्प सैल आहे का ते मेकॅनिककडून बघून घ्या. ही बोटाची टेस्ट दर वेळी ऑइल बदलताना करा. नंतर एरवी फिल्टरला हात लावायचा नाही. मध्ये एकदा, दोनेक महिन्यांनी, काढून हलकेच सपाट जागेवर आपटायचा, धूळ पडली तेवढी पडली, पुन्हा नीट बसवायचा. मॅन्युअलमध्ये फिल्टर बदलायला तीस-चाळीस हजार लिहिलेलं असेल, तुम्ही दहा-बारा हजाराला, म्हणजे वर्षाला एक, दिवाळीच्या ऑइलबरोबर बदलून टाका.

अजून एक, ट्रॅक्टरमागं एसी रिसर्क्युलेशनवर, म्हणजे आतलीच हवा फिरवायला, टाकला की आपल्याला बरं वाटतं, पण त्यानं तुम्ही वाचता, इंजिन नाही, त्याची हवा वेगळ्या वाटेनं येते. इंजिनसाठी उपाय म्हणजे अंतर. ट्रॉलीच्या बुडाला चिकटून जाण्यापेक्षा शंभर-दीडशे मीटर मागं राहिलात तर निम्मा फुफाटा खाली बसलेला असतो. शाळेची घंटा चुकते म्हणाल, तर पाच मिनिटं आधी निघा, मास्तरणीला मी काय सांगायचं.

जाड तेलाबद्दल. तुमच्या गॅरेजवाल्याला नावं ठेवू नका, तो शिकला तेव्हा समोर ॲम्बेसिडर, जीप, टेम्पो असल्या गाड्या होत्या, त्यांच्या इंजिनमध्ये गॅप मोठे, त्यांना २०डब्ल्यू५० लागायचंच. डब्ल्यूच्या आधीचा आकडा म्हणजे थंड असताना तेल किती पातळ राहतं ते, आणि नंतरचा आकडा म्हणजे १०० अंशांना किती घट्ट राहतं ते. ३० ग्रेडचं तेल १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (घट्टपणाचं माप) असतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. म्हणजे जवळपास पावणेदोन पट घट्ट. तुमच्या सात वर्षांच्या छोट्या पेट्रोल गाडीत बहुधा ०डब्ल्यू२० किंवा ५डब्ल्यू३० लिहिलेलं असेल. त्या इंजिनमध्ये तेलाचे रस्ते बारीक, व्हॉल्व्ह टायमिंगचं सगळं तेलाच्या प्रेशरवर चालतं, सकाळी स्टार्ट केल्यावर वरच्या कॅमशाफ्टपर्यंत तेल झटक्यात पोचलं पाहिजे आणि घट्ट तेल तिथं रेंगाळतं. ॲव्हरेज पडतं ते वेगळंच. आणि वर सांगितलं तसं, आतलं तापमान थर्मोस्टॅटनं बांधलेलं आहे, तेव्हा सोलापूर आहे म्हणून जाड हा हिशोबच बसत नाही. काही मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानाप्रमाणं दोन-तीन ग्रेड दिलेले असतात, तसं असेल तर त्यातला वरचा घ्या खुशाल, पण त्या तक्त्याच्या बाहेर नाही. डब्यावर तेलाच्या दर्जाची खूण, एपीआय एसएन किंवा त्याच्यापुढचं एसपी, लिहिलेली बघा, पेट्रोल गाडीला एवढं पुरे.

दिरांचं पंधरा हजार. सिंथेटिक चांगलंच असतं, तुमच्या गाडीलाही तेच टाका, तापल्यावर ते टिकतं, गाळ कमी धरतं. पण सिंथेटिक आहे म्हणून धूळ विरघळत नाही त्यात. मिनरल तेलात सिलिकाचा कण जसा घासतो तसाच सिंथेटिकमध्ये घासतो. पंधरा हजाराचे आकडे ज्या गाड्यांना दिलेत त्या तेवढ्यासाठीच बनवलेल्या असतात, तेलाचं स्पेसिफिकेशन वेगळं, सम्पमध्ये तेल जास्त, आणि तेही सिव्हिअर नसलेल्या वापराला. पुण्यातून एक्सप्रेसवेनं मुंबईला जाणाऱ्याचा सल्ला मंद्रूपच्या वस्तीला लागू नाही, दिरांना माझा नमस्कार सांगा.

आणि तीन हजार? नुकसान काही नाही, फक्त पैसे जातात. तुमच्या रनिंगला वर्षाला चार वेळा होईल, म्हणजे दोन ऑइल बदल फुकट. बरेच लोक तेल काळं झालं म्हणून बदलतात, मेकॅनिक पण डिपस्टिक दाखवून घाबरवतो, बघा मॅडम काळं. काळं होणं म्हणजे तेल आतली काजळी धरून ठेवतंय, त्याला तेवढ्यासाठीच टाकलंय. डिझेल गाडीत तर काहीशे किलोमीटरलाच काळं होतं. उलट सीएनजीवाल्यांचं तेल बराच काळ स्वच्छ दिसतं आणि ते बदलायचं राहून जातं, आतून ते उष्णतेनं घट्ट होत चाललेलं असतं. रंगावर जाऊ नका.

बदलताना स्वतः उभ्या राहा, अर्धा तास लागतो. इंजिन कोमट असताना तेल काढायचं म्हणजे गाळासकट खाली येतं. ऑइल फिल्टर दर वेळी नवा, ड्रेन बोल्टचा वॉशर नवा. इंजिन फ्लश, म्हणजे औषध टाकून आतून साफ, करू का विचारतील, नको म्हणा. तेल भरताना मॅन्युअलमध्ये लिटर दिलेले असतात तेवढंच, छोट्या पेट्रोल गाडीत फिल्टरसकट बहुधा तीन-साडेतीनच्या घरात, उरलंय म्हणून सगळा डबा ओतायचा नाही, मॅक्सच्या वर गेलं की क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो. डबा सीलबंद बघून घ्या, ओळखीच्या दुकानातून किंवा पंपावरून, आणि रिकामा डबा तिथंच सुऱ्यानं कापा, चांगला डबा भंगारात गेला की त्यात काय भरून परत येईल सांगता येत नाही. जुनं तेल गॅरेजवाल्याकडंच द्या, तो ते जुनं तेल गोळा करणाऱ्याला देतो, गटारीत ओतताना दिसला तर मात्र गॅरेज बदला.

सासऱ्यांची स्कूटर. ती जास्त चालत नाही म्हणून तिला लागत नाही असं सगळे समजतात आणि तिचेच हाल जास्त असतात. मंडईपर्यंत दोन किलोमीटर, इंजिन गरम व्हायच्या आत बंद. मग थंड इंजिनमध्ये न जळालेलं थोडं पेट्रोल आणि धुरातलं पाणी तेलात उतरतं आणि कधी उडून जातच नाही. त्यात स्कूटरमध्ये तेल असतं किती, पाऊण लिटरच्या आसपास. एवढ्याशा तेलात घाण लवकर साठते. तिला किलोमीटर बघायचेच नाहीत, वर्षातून एकदा तरी बदला, सहा महिन्यांनी बदललं तर उत्तम, खर्च काही शे रुपये. या वेळी कधी बदललंय माहीत नाही म्हणता, तर उद्याच. स्कूटरला डब्यावर जासो एमबी (दुचाकीच्या तेलाच्या दर्जाची खूण) लिहिलेलं स्कूटरचं तेल आणा, गिअरच्या बाइकला एमए किंवा एमए२ लागतं कारण तिथं क्लच तेलात बुडालेला असतो. गाडीचं उरलेलं तेल बाइकमध्ये ओतायची सवय खूप घरांत आहे, त्यानं क्लच घसरायला लागतो. आणि स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल असतं वेगळं, शंभर-सव्वाशे मिली, ते तर कुणी कधी बदलतच नाही, मेकॅनिकला आठवणीनं सांगा.

एक गोष्ट मला तुमच्या पत्रात सापडली नाही, ती म्हणजे तेल कमी होतंय का. एवढी वर्षं फिल्टरला हवा मारलीय म्हणून विचारतो. नवं तेल भरल्यावर मॅक्सवर आहे का बघा, गाडी सपाट जागेवर, सकाळी निघायच्या आधी. मग दर दोन आठवड्यांनी तशीच सकाळी डिपस्टिक बघून वहीत लिहा, शाळेच्या हजेरीसारखं. बऱ्याच गाड्यांत मिन आणि मॅक्सच्या मध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. पाच हजारात थोडं खाली आलं तर काही नाही. पण हजार-दीड हजारातच अर्ध्यावर आलं, किंवा सकाळी स्टार्ट केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला, तर ऑइल किती किलोमीटरला बदलायचं हा प्रश्नच मागं पडतो, रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील बघावे लागतील. त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनमधली वाफ परत हवेच्या वाटेत सोडणारी झडप, बदलून बघायचा, तो स्वस्त असतो आणि कित्येकदा दोष त्याचाच निघतो. तसं काही झालं तर आकड्यांसकट परत लिहा.